घरीं सांभाळलीं जाणारीं मुलें आणि आपला शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त मंडपांत झालेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस या व्यासपीठावर बोलाविलें याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों. विषय आमचा आम्हीं निवडावा अशी मुभा होती. देवळाचा इतिहास सांगणारे जाणते लोक आपल्यांत आहेत व ते तो सांगतीलच. त्या वाटेस आम्ही जात नाहीं. गेलीं सहा वर्षें आम्ही कांहीं मंडळी धर्मग्रामांतील घरोघर भेटीस जात आहों. आमच्या पायांस जी वाट ठाऊक झाली तिजविषयीं बोलणेंच आम्हांस शोभेल. त्या वाटेवरील घरांत एखादें मूल असें असतें कीं जें चालत नाहीं, किंवा बोलत नाहीं, किंवा पंचविसाव्या वर्षींहि ज्याला आईनेंच घास भरवावा लागतो. अशा घरांविषयीं, आणि त्यांच्या शेजारीं राहणाऱ्या आपणां सर्वांविषयीं, चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या वर्षीं आम्ही अशा एका घरीं गेलों तेव्हां आमच्या हातांत केळ्यांची फणी होती, पिशवींत प्रार्थनापुस्तक होतें व जिभेवर उपदेश तयार होता. घरांतील मुलगा त्या वेळीं चौदा वर्षांचा होता. जन्माच्या वेळींच त्याच्या मेंदूस इजा झालेली. हातपाय ताठलेले, मान स्थिर नाहीं, अधूनमधून झटके. आम्ही ओट्यावर बसलों व त्याच्या आईस म्हणालों कीं, बाई, ज्याला पेलवेल त्यालाच देव असा क्रूस देतो. तिनें तें निमूटपणें ऐकून घेतलें. (हें वाक्य तिनें त्यापूर्वीं किती जणांकडून ऐकलें असेल, तें तिलाच ठाऊक.) मग ती म्हणाली, "तुम्ही अर्धा तास बसणार आहांत ना? मग याच्याजवळ बसा. मला डोक्यावरून पाणी घ्यायचें आहे. चार दिवस झाले, जमलेंच नाहीं."

ती न्हाणीघरांत गेली व आम्ही तिघे मुलाजवळ बसलों. दहा मिनिटें झालीं नसतील, तोंच त्याला झटका आला. आमच्यापैकीं एकानें स्वयंपाकघरांतून चमचा आणला व तो त्याच्या दातांत घालूं लागला. दुसरा कांदा कोठें आहे म्हणून विचारूं लागला. इतक्यांत आंतून आजी काठी टेकीत आली आणि तिनें तो चमचा हिसकावून घेतला. तिनें नातवाला कुशीवर वळविलें, डोक्याखालीं घडी केलेलें लुगडें सारलें, आणि ती भिंतीवरील घड्याळाकडे पाहत उभी राहिली. दोन मिनिटांत झटका ओसरला. "पांच मिनिटांवर गेला तर रिक्षा बोलवायची," एवढेंच ती आम्हांस म्हणाली. जिला आम्ही अडाणी समजत होतों त्या आजीकडून आम्ही त्या दिवशीं जें शिकलों, तेंच पुढें डॉक्टरांनींहि सांगितलें: तोंडांत कांहीं घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत, कुशीवर वळवावें, वेळ पाहावी, आणि पांच मिनिटांत झटका न थांबल्यास इस्पितळ गांठावें. रोजची गोळी तर कोणाच्याहि सांगण्यावरून एकाएकीं बंद करूं नये.

आई ओल्या केसांनीं बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर जें समाधान आम्हांस दिसलें तें आमच्या उपदेशानें आलेलें नव्हतें.

त्या दिवसापासून आम्ही उपदेश कमी केला व पाहूं लागलों. पाहिल्यावर कळलें कीं या घरांतील पहिला प्रश्न वजनाचा असतो. चार वर्षांचें मूल कोणीहि कडेवर घेतें. तेंच मूल चौदा वर्षांचें होतें, अठरा वर्षांचें होतें. आईचें वय मात्र उलट दिशेनें काम करितें. सकाळीं उचलून न्हाणीघरांत नेणें, पुन्हा आणणें, कपडे बदलणें, दर दोन तासांनीं कूस पालटणें, कारण एकाच अंगावर पडून राहिल्यास कातडी सोलवटते व जखमा होतात. भरवितांना त्याला बसतें करून, मान जरा पुढें झुकवून भरवावें लागतें; आडवें ठेवून भरविल्यास अन्न श्वासनलिकेंत जाण्याचा धोका असतो. म्हणून एका जेवणास एक तास लागतो, व दिवसांत तीन जेवणें. आमच्या परिचयाच्या बहुतेक मातांच्या कंबरा चाळिशींतच धरल्या आहेत. वडील पहाटेच्या गाडीनें चर्चगेटकडे जातात व रात्रीं परततात. त्यांच्या पगारावरच औषधें चालतात, त्यामुळें त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. आणि एक व्यक्ति आपल्या ध्यानांतच येत नाहीं, ती म्हणजे त्या मुलाची बहीण किंवा भाऊ. अशीच एक बहीण, इयत्ता आठवींतली, आम्हांस एकदां म्हणाली, "माझा अभ्यास कसा चालला आहे तें या घरांत येणारें कोणीच विचारीत नाहीं." तेव्हांपासून आम्ही आधीं तिला विचारतों.

२०११ च्या जनगणनेप्रमाणें आपल्या देशांत २ कोटि ६८ लक्ष अपंग व्यक्ति आहेत, पैकीं महाराष्ट्रांत २९ लक्षांहून अधिक. असे आंकडे ऐकून मनाला कांहींच होत नाहीं. आमच्या धर्मग्रामाचें सांगतों. सहा वर्षांपूर्वीं आम्हीं यादी केली तेव्हां तींत तीन नांवें होतीं. आज अकरा आहेत. मुलें वाढलीं नाहींत, दारें उघडलीं. कांहीं घरांच्या आंतल्या खोलींत मूल आहे हें पांच घरांपलीकडील लोकांसहि ठाऊक नव्हतें.

दारें बंद कां होतात? लाजेमुळें, असें आपण पटकन् म्हणतों. पण ती लाज बाहेरून आंत गेलेली असते. आईनें ग्रहण पाळलें नाहीं, गरोदरपणीं ती अमक्या वाटेनें गेली, आजोबांनीं कोणाचें तरी शेत बळकाविलें होतें, अशी एक ना दोन, अनेक कारणें लोक देतात, आणि देवळांतून घरीं परततांनाहि देतात याचें आम्हांस वाईट वाटतें. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनींहि प्रभूला हेंच विचारलें होतें, कीं पाप कोणाचें, याचें कीं आईबापांचें. आणि प्रभूनें दोन्हीं नाकारलीं. विज्ञानाचेंहि सांगणें ऐका. १९५९ सालीं जेरोम लजन, मार्थ गोतिए व रेमों तुर्पें या फ्रेंच संशोधकांनीं दाखवून दिलें कीं ज्यास आज डाउन सिंड्रोम म्हणतात त्याचें मूळ एका जादा गुणसूत्रांत आहे. छेचाळिसांच्या जागीं सत्तेचाळीस, एवढाच तो फरक. त्यांत ग्रहणाचा संबंध नाहीं, सासूच्या बोलण्याचा नाहीं, आईच्या खाण्यापिण्याचा नाहीं. मेंदूच्या पक्षाघाताचीं कारणें निराळीं: फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, बाळंतपणांत प्राणवायु कमी पडणें, नवजाताची तीव्र कावीळ, मेंदूचा ज्वर, आणि पुष्कळदां कारण सांपडतच नाहीं. ही माहिती आम्ही ज्या घरीं प्रथम सांगितली त्या घरच्या सुनेनें आम्हांस ती दुसऱ्यांदा, सासूच्या देखत, मोठ्यानें सांगावयास लाविली.

संतांच्या चरित्रांत या विषयास जागा आहे काय, असें कोणी विचारील. इटलींत मेतोला येथें १२८७ सालीं एका सरदार घराण्यांत मार्गारेट नांवाची मुलगी जन्मली. ती आंधळी होती, ठेंगणी होती, पाठीस पोक होतें, एक पाय आंखूड होता. आईबापांनीं तिला प्रार्थनामंदिरालगतच्या कोठडींत कोंडून ठेविलें. पुढें कास्तेल्लो नगरांत चमत्काराची आशा धरून नेलें, आणि चमत्कार होईना तेव्हां तेथेंच टाकून ते निघून गेले. नगरांतील गरीब कुटुंबांनीं तिला आळीपाळीनें आपापल्या घरीं ठेवून घेतलें. पुढें तीच त्या कुटुंबांतील मुलांना सांभाळूं लागली. १३२० सालीं ती वारली, आणि तब्बल सात शतकांनीं, २४ एप्रिल २०२१ रोजीं, पोप फ्रान्सिस यांनीं तिला संत म्हणून घोषित केलें. आम्हांस या कथेंत मार्गारेटइतकींच तीं बिननांवाचीं कुटुंबें महत्त्वाचीं वाटतात. त्यांची घरें मोठीं नव्हतीं. आज या घरीं, उद्यां त्या घरीं, असें करून त्यांनीं तिला जगविलें.

बेल्जम देशांतील गील या गांवींहि असाच प्रघात आहे. संत डिम्फना हिच्या देवळाशीं मनोरुग्णांना आणीत. देवळांत जागा पुरेना तेव्हां गांवकरी त्यांना स्वतःच्या घरीं ठेवूं लागले, आणि हा क्रम मध्ययुगापासून आजतागायत चालू आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील घरांतून साडेतीन हजारांहून अधिक असे पाहुणे राहत असत. आतां ती संख्या पुष्कळ घटली आहे. पण तेथें डॉक्टर व परिचारिका यांचें पाठबळ त्या घरांना सतत असतें, ही गोष्ट विसरूं नये. नुसत्या दयेवर इतकीं शतकें कोणतेंहि घर उभें राहत नाहीं.

आपल्याकडेहि आईबापांनींच मार्ग काढले आहेत. मुंबईची जय वकील शाळा १९४४ सालीं एका पारशी जोडप्यानें आपल्या मुलीसाठीं सुरू केली. मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांसाठीं मुंबईंत केंद्र काढलें, तें स्वतःच्या मुलीस शाळा मिळेना म्हणून. असे आईबाप थोडे. आपल्यांपैकीं प्रत्येकास शाळा काढतां येणार नाहीं, व त्याची अपेक्षाहि नाहीं.

मग आम्ही काय करितों? आम्ही बसावयास जातों. याहून भारदस्त नांव आम्हांस सुचलें नाहीं. आठवड्यांतून एकदां, ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं, दोन माणसें दोन तास त्या मुलाजवळ बसतात, आणि आई बाहेर जाते. कोठें जाते तें विचारीत नाहीं. कोणी बाजार करितें, कोणी बहिणीकडे जातें, एक माता चक्क झोपते. पहिल्या तीन भेटींत आईनें आम्हांस शिकवावयाचें: कसें उचलावें, कोणत्या आवाजाला तो भितो, भूक लागली म्हणजे कसें पाहतो. ती "आतां येतें तुम्हांला" असें म्हणेल तेव्हांच आमची पाळी सुरू होते.

हें काम यशस्वी झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. पहिल्या उपवासकाळांत वहींत सव्वीस नांवें लागलीं होतीं. पेंटेकॉस्टपर्यंत नऊ राहिलीं. चाकाची खुर्ची देण्यास देणगीदार तयार असतात, चादरी येतात, नाताळांत केकचे डबे येतात. मंगळवारची दुपार मात्र कोणी देत नाहीं. शिवाय आमच्या हातून एक मोठी चूक झाली. आमच्यापैकीं एकानें मुलाला भरवीत असतांनाचें छायाचित्र काढून मोबाईलवरून सर्व मंडळाला धाडलें. हेतु वाईट नव्हता. पण तें गांवभर फिरलें, आणि त्या घराचें दार आम्हांस दोन महिने बंद झालें. आम्हीं जाऊन क्षमा मागितली. वडील म्हणाले, "तो बोलत नाहीं, म्हणून त्याला लाज नाहीं असें तुम्हांला वाटलें काय?" त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, व आजहि नाहीं.

दुसरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कांहीं कुटुंबांनीं आपलें मूल धर्मभगिनींच्या किंवा अन्य कोणाच्या आश्रमांत ठेविलें आहे. त्यांच्याविषयीं आपल्यांत हलक्या आवाजांत बोललें जातें. तें थांबवावें. जेथें आई एकटी आहे, किंवा स्वतःच रुग्ण आहे, तेथें घर हाच एक मार्ग असा हट्ट धरणें क्रूरपणाचें आहे. आम्ही घरीं सांभाळणाऱ्यांच्या पाठीशीं उभे आहों याचा अर्थ इतरांकडे पाठ फिरवावी असा नव्हे.

आतां त्या प्रश्नाकडे येतों, जो प्रत्येक घरीं कधीं ना कधीं निघतो, व बहुधा चहाचा कप खालीं ठेवतांना निघतो: आमच्या पश्चात् काय? याचें सगळें उत्तर कायद्यांत नाहीं. पण कायद्यांत जें आहे तेंहि आपणांस ठाऊक नसतें. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमांत एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचें प्रमाणपत्र असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षें वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, मग तें जवळच्या शाळेंत असो वा विशेष शाळेंत. मूल अठरा वर्षांचें झालें कीं कायद्याच्या दृष्टीनें आईबापांचें पालकत्व संपतें, हें पुष्कळांस तेव्हांच कळतें जेव्हां बँक खातें उघडून देत नाहीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानें स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध अपंगत्व असणाऱ्या सज्ञान व्यक्तींसाठीं कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे; त्यासाठीं जिल्ह्यांत स्थानिक समिति असते व तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. वसईकरांनीं लक्षांत ठेवावें कीं १ ऑगस्ट २०१४ पासून आपला जिल्हा पालघर आहे, ठाणें नव्हे. जुन्या पत्त्यावर गेलेला एक पिता आमच्या ओळखीचा आहे. त्याच न्यासाची निरामय नांवाची आरोग्य विमा योजना आहे, तींत वर्षास एक लक्ष रुपयांपर्यंत खर्च मिळूं शकतो. सांभाळणाऱ्यास भत्ता देण्याचा उल्लेखहि २०१६ च्या कायद्यांत आहे, व केरळांत आश्वासकिरणम् नांवाची तशी योजना निघाली. आमच्या यादींतील अकरा घरांपैकीं एकाहि घरीं असा भत्ता आलेला नाहीं. अर्ज भरणें, रांगेंत उभें राहणें, तारीख घेणें, हीं कामें शेजाऱ्यानें करावयाचीं. ज्या आईस न्हाण्यास वेळ नाहीं तिनें पालघरच्या फेऱ्या कशा माराव्या?

देवळाविषयीं बोलल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. आम्हीं आरंभीं ज्या मुलाचें वर्णन केलें त्याचे आईवडील अकरा वर्षें एका बांकावर बसले नव्हते. एक सहाच्या मिसाला जाई, दुसरा आठच्या. आम्हीं बसावयास गेल्यावर एका रविवारीं दोघें जोडीनें आलीं. आम्हांस फार कृतार्थ वाटलें. नंतर ती माता म्हणाली, "माझें लक्षच लागलें नाहीं. त्यानें दूध घेतलें कीं नाहीं हेंच डोक्यांत. आम्हांला त्याच्याशिवाय नको, त्याच्यासकट यायचें आहे."

येथें आमच्या कामाची दिशा पालटली. देवळाच्या दारास तीन पायऱ्या आहेत. सुतारानें फळ्यांची उतरण करून दिली. मुलगा पहिल्यांदा आला त्या दिवशीं प्रवचनाच्या वेळीं तो मोठ्यानें ओरडला. तो त्याचा आनंदाचा आवाज आहे, हें आम्हांस ठाऊक होतें, इतरांस नव्हतें. शंभर माना वळल्या. आई त्याला घेऊन बाहेर गेली, व तीन महिने पुन्हा आली नाहीं. त्या शंभर मानांत आपल्यांपैकीं कांहींच्या होत्या.

कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. चौघांनीं त्याची खाट उचलून आणली आणि दारांत गर्दी होती म्हणून छप्पर उघडून त्याला खालीं सोडलें. आम्हांस नेहमीं त्या गर्दीचें नवल वाटतें. ते वाईट लोक नव्हते. प्रभूचें वचन ऐकण्यासाठींच आले होते, व इतके एकाग्र झाले होते कीं दारांत खाट आली आहे हें त्यांना दिसलेंच नाहीं. (छप्पर मागाहून कोणीं शाकारलें, हें शुभवर्तमानांत नाहीं. बहुधा त्या चौघांनींच.)

प्रथम कम्युनियनचाहि प्रश्न होता. याला काय कळतें, असें बोललें गेलें. १९१० सालीं पोप दहावे पायस यांनीं लहान मुलांस कम्युनियन खुली केली तेव्हां प्रौढांचें ज्ञान त्यांच्याकडून मागितलें नव्हतें; आणि १९८३ च्या धर्मसंहितेच्या ७७७ व्या कलमांत, ज्यांच्या शरीरास वा मनास व्यंग आहे त्यांनाहि त्यांच्या कुवतीप्रमाणें धर्मशिक्षण मिळेल असें पाहण्याचें कर्तव्य धर्मगुरूवर टाकलेलें आहे. आपल्या धर्मगुरूंनीं आठ महिने त्या घरीं जाऊन त्याला पवित्र भाकर दाखविली, नांव घेतलें, खूण केली. एके दिवशीं साधी चपाती व ती भाकर पुढें धरली असतां त्यानें एकीकडे पाहून तोंड उघडलें, दुसरीकडे पाहून मान लवविली. सोळाव्या वर्षीं त्याला अगदीं लहानसा अंश पाण्याच्या घोटाबरोबर देण्यांत आला. त्याच्या आजीनें तो दिवस पाहिला. पुढच्या पावसाळ्यांत ती वारली.

आज तो या मंडपांत आहे, डावीकडे, पंख्याजवळ. आतां वीस वर्षांचा आहे. त्याच्याच रांगेंत आणखी दोन मुलें आहेत, पैकीं एकीला मोठा आवाज मुळींच सोसत नाहीं. गेल्या सणाला ती दिवसभर पलंगाखालीं कानांवर हात ठेवून बसली होती. म्हणून समितीच्या संमतीनें आम्हीं बँडवाल्यांना सांगितलें आहे कीं मंडपाशेजारीं ढोल वाजवूं नये, आणि फटाके लावावयाचेच असतील तर ते तळ्यापलीकडे, मिरवणूक गेल्यावर लावावे. तरुण मंडळी थोडी नाराज झाली. त्यांची आम्ही क्षमा मागतों. वही संगीतमंडळाच्या टेबलावर ठेविली आहे. मंगळवारची व गुरुवारची दुपार रिकामी आहे.